नांगराचा दोर

मुंबई, ८ ऑगस्ट १९६२

ती. सौ. दमयंतीताईस,
धाकट्या जानूचा शि. सा. न. वि. वि.

तुझी सुकट पोचली. खोलीतले सोबती नाकं मुरडत होते, आणि त्यांनीच आधी संपवली!

मी कामाला आहे ती पाळण्यांची बाग विकली गेली. अब्दुर्रहमानशेठ मालक होते तोवर दर शनिवारी स्वतः पाळण्यांचे दोर चाचपायचे, शंका आली की नवा दोर आणायचे. पावसाळ्यात बाग बंदच. आता मालक एक कंपनी आहे. तिच्या तेलाच्या गिरण्या आहेत, बागेतला पैसा तिकडे जातो. भर पावसातही बाग चालू. नवी कमान झाली, रंगीत दिवे लागले. पण दोर मागितला की साहेब म्हणतात, दोराने तिकिटं वाढत नाहीत, बोर्डाची मीटिंग होऊ दे. बोर्डातल्या एकाने तरी पाळण्यात बसून दाखवावं! फिरत्या पाळण्याचे आठही दोर कुजलेत. त्यात लेकरं बसतात गं.

बाबांनी होडीच्या नांगराला नवा दोर घेतलाय ना, तो मागून बघ. कंपनीकडून भरून घेतो.

धाकट्यावर माया राहू दे.
जानू

सारसोळे, १७ ऑगस्ट

चि. जानूस,
दमयंतीचे अनेक आशीर्वाद.

तुजे भावोजी दोर घेऊन येतायत. बाबा आधी लई बोलले. म्हनाले, कंपनी येवढी मोठी आन दोर आमच्या होडीचा, ही कोनती रीत? पन लेकरं बसतात म्हटल्यावर सोताच काढून दिला. नांगराला जुना बांधलाय. एक मोसम निघेल म्हनतात. माजं मन काय घेत नाय. लवकर भरून दे, नायतर येऊन कान धरीन!

घरची आठवन ठेव.
दमयंती

मुंबई, २९ सप्टेंबर

ती. सौ. ताईस, शि. सा. न.

त्या दोराचे तुकडे करून आठही पाळणे बांधले. बोर्डाची मीटिंगही झाली. पाळणे चालूच आहेत, मग दोराची निकड काय, असं म्हणून माझा अर्ज बाजूला ठेवला. त्याऐवजी फाटकावर विजेचा हत्ती बसणार आहे. डोकं फिरलंय माझं. दिवाळीला पगारातून दोर घेतो. तोवर बाबांना मोरा बंदराच्या पुढे जाऊ देऊ नकोस, तुझ्या पाया पडतो.

जानू

सारसोळे, २६ ऑक्टोबर

चि. जानूस, आशीर्वाद.

बाबांचं दिवसकार्य उरकून तू लगोलग गेलास. म्हनून लिहिते. भावोजी होडीत होते, त्यांनी सांगितलेलं तुज्या तोंडावर मला सांगवलं नाय. मोऱ्यासमोर वारा उठला, बाबांनी नांगर टाकला, आन दोर तुटला. होडी खडकावर आपटली. दोर तुटला तवा बाबांनी शिवी घातली ती तुज्या कंपनीला. तुला नाय. हे तुला कळावं. जेवत जा.

दमयंती

मुंबई, ६ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस, शि. सा. न.

रविवारी मी आठही दोर सोडले आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन टाकले. बाहेर ही रांग! पाळणा बंद म्हटल्यावर लोक तिकिटाचे पैसे परत मागू लागले. साहेबांनी तिथल्या तिथे बोर्डाला फोन लावला.

सोमवारी सकाळी दहाला नवा दोर आला, ताई. ना अर्ज, ना मीटिंग. मला कामावरून काढलं, त्याचं काही नाही. पण ऑगस्टमध्येच मी पाळणा बंद ठेवायला हवा होता. मी बांधून दिला, म्हणून त्यांनी नवा दोर आणला नाही. एका दिवसाचं काम होतं गं.

हवा तेवढा राग धर, पण पत्र तोडू नकोस.
जानू