दार बसलं

४ तारीख, सोमवार
आलो एकदाचे आपल्या घरात! दोन खोल्या, ओल्या रंगाचा वास, नळाला धो धो पाणी. बाहेरचं दार तेवढं राहिलंय. भिंतीत लाकडी सांगाडा उभा करून दाराएवढी जागा मोकळी सोडलीय, तिच्यावर ताडपत्री. सुतारमिस्त्री म्हणाले, गुरुवारी बसवून टाकतो. बाबांची खुर्ची मी वाऱ्यासाठी त्या मोकळ्या जागेसमोरच मांडली. हल्ली त्यांच्या काही ध्यानात राहत नाही, पण आज खुशीत होते. मी ड्यूटीवरून पाय ओढतच आले, तरी भांडी लावताना मीसुद्धा गुणगुणत होते म्हणे. शेजारच्या काकूंनी चिडवलं. मी कामावर असताना त्या बाबांपाशी बसणार आहेत.

६ तारीख, बुधवार
वॉर्डात आज दुसऱ्या नर्सचंही काम ओढलं. घरी आले तर बाबा ताडपत्री हातानं वर धरून उभे. या, या, आत या, म्हणत होते. बाहेर चिटपाखरू नाही. काकू म्हणाल्या, दिवसभर हेच चाललंय, कुणाकुणासाठी खुर्चीसुद्धा सोडतात. दोघी हसलो. नंतर मला उगाच वाईट वाटलं.

७ तारीख, गुरुवार
सुट्टी घेतली, पण विश्रांती कसली! मिस्त्रींचा गडी आला नाही, म्हणून चौकट मीच धरून उभी. त्यांनी ओळंबा सोडला, सांगाडा आणि चौकट यांच्यामध्ये पाचरी ठोकून ती सरळ केली, मग स्क्रू आवळले. दाराभोवती नखभर फट, सगळीकडून सारखी. दार आत उघडतं, एका बोटानं, बिनआवाज. मिस्त्री म्हणाले, सिस्टर, आता वाऱ्यालासुद्धा विचारून यावं लागेल. मी दार लावून कडी घातली. तर बाबा रडकुंडीला आले. विचारायला लागले, आता ही सगळी माणसं जाणार कशी?

८ तारीख, शुक्रवार
स्वयंपाकघरात जाताना मी अंग चोरून गेले. कुणासाठी?
दार जेमतेम उघडलं. मिस्त्रींना बोलावलं. चौकट मधोमध बाहेरच्या बाजूला फुगलीय. त्यांनी विचारलं, आतून दाराशी काय रचून ठेवलं होतं? काही नाही हो, म्हटलं. त्यांना पटलं नाही.

९ तारीख, शनिवार
काकू उंबऱ्यावरूनच परतल्या. म्हणाल्या, तुझ्याकडे एवढी माणसं, मी बसू कुठे?
त्यांना दिसली. मला नाही — नुसती ऊब लागते. दंडाला, पाठीला.
आजच निघायला हवं होतं. अंगात त्राण नाही. उद्या बाबांना घेऊन —

१० तारीख, रविवार
दार हलत नाही. खिडकीला गज. फोन केला, मिस्त्री धावत आले, बाहेरून खांदा लावला. ओरडले, सिस्टर, आतल्या लोकांना जरा मागं सरायला सांगा!
सांगितलं. हात जोडून —
एवढ्याशा खोलीत बाबा दिसत नाहीत —
उभ्यानंच लिहितेय. पाय पार गेले. पडायलाही जागा —
बाबांचा आवाज. गर्दीतून कुठूनतरी. सांगताहेत त्यांना, सरका हो जरा, माझी लेक दमून आलीय, बसू द्या तिला.
सरकताहेत. पाठीला गार वारा लागला. जागा करून देताहेत. मी बस —