कुंकवाखालचं बटण

रविवार, संध्याकाळ

शिकलेल्या मुलीला घरातलं प्रत्येक यंत्र यायलाच हवं का? मला खरंच सांगता येत नाही. दादाने पाठवलेला गाण्यांचा स्पीकर दुपारभर वायफायला जोडलाच जाईना आणि बाबा हसत होते, "पोट्टी बी.ए. झाली, पण डबा काही बोलून नाही राह्यला!"

शेवटी ते कुंकू दिसलं. नव्या वस्तूची पूजा करताना आईने ओल्या कुंकवाचं बोट नेमकं जोडणीच्या बटणावर टेकवलेलं. वाळून बटण घट्ट बसलं होतं. टाचणीने कोरलं, लगेच जोडलं गेलं. आमच्या बंजारा तांड्यावरची होळीची गाणी घरभर! आई नुसती डोलत होती. मग म्हणाली, "उद्या तू यवतमाळले नोकरीवर गेली अन् हे बंद पडलं, त?"

"तू जोडशील."

"माह्यानं नाही होत, बाई."

असं कसं नाही होत? सगळं मीच करत राहिले तर माझ्या शिकण्याचा घराला काय उपयोग?

मी फोनमधून स्पीकरची जोडणीच पुसून टाकली. गाणं मध्येच तुटलं.

"काहून बंद केलं वं?" आई ओरडली.

मी फोन तिच्या हातात दिला आणि कुंकवाने अजून लाल असलेलं ते बटण तिच्याच बोटाने दाबायला लावलं.