सातव्या मुलाखतीतलं वाक्य

प्रिय बाबा,

हे पत्र तुमच्या हातात द्यायची माझी छाती नाही.

काल पोस्टर प्रदर्शनात परीक्षक समोर उभे होते, तरी माझं लक्ष दाराकडेच होतं. वर्गात मोठ्याने वाचायला घाबरणाऱ्या मुलांवरचं माझं एमएडचं संशोधन बघायला तुम्ही येणार होतात. सातव्या मुलाखतीतलं वाक्य मी मधोमध लावलं होतं: ‘सर माझी नक्कल करायचे, वर्ग हसायचा. मी शाळाच सोडली.’ आता मोठ्या झालेल्या त्या माणसाने मला सरांचं नाव सांगितलं होतं. ते तुमचं होतं.

तुम्ही आलात, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलंत.

“हा मास्तर कोण गं?”

“नावं गुप्त ठेवायची असतात, बाबा.”

“बरोबर आहे,” म्हणालात आणि ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक दाखवून निघून गेलात. मला वाटलं, सुटले.

आज सकाळी चहा गाळताना तुम्ही पाठमोरेच विचारलंत, “तो अजून अडखळतो का गं बोलताना?”

तो अडखळतो, हे मी पोस्टरवर कुठेच लिहिलं नव्हतं. मी माझा कप उचलून खोलीत आले आणि हे पत्र लिहायला बसले.

तुमची,
धाकटी