बर्फात न टिकणाऱ्या नळ्या

आबा, सकाळी ओट्यावर राहिलेलं दूध नासलं आणि मी स्वतःलाच तुमच्या आवाजात दटावलं. मग हसू आलं, मग लिहायला बसले. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून घाईही नाही. वरवंडला हायवेलगत तुम्ही ज्या चिलिंग सेंटरवर दूध उतरवून घ्यायचा, तिथली सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. गावोगावचे कॅन येतायत, तुम्ही एकेक झाकण काढून वास घेताय, शाळेआधी मी कॅनवर ओली गोणपाटं टाकतेय. एकदा मैत्रिणीशी गप्पा मारताना एक कॅन उन्हात तसाच राहिला. तुम्ही आवाज चढवला नाहीत. गोणपाट भिजवून आणलंत, कॅनवर घातलंत आणि म्हणालात, "गार ठिवलं तर टिकतं, पोरी. दूध कुणाची वाट बघत न्हाई." तुमचा आवाज चढला असता तर मी ते विसरले असते. तसं झालं नाही आणि ते वाक्य हाडीमाशी भिनलं.

शिरूरच्या कॉलेजातून मी पुण्याच्या प्रयोगशाळेत गेले तेव्हा तुम्ही सगळ्यांना सांगत होता, "आमची बाई उंदराच्या पायाचं बघती." ते खोटं नव्हतं. स्नायूचा एक तंतू म्हणजे एकच लांबलचक पेशी. तिच्या आत अतिसूक्ष्म नळ्या असतात, त्या पेशीला आधार देतात आणि त्यांच्यावरून आतल्या मालाची ने-आण होते. इतर बऱ्याच पेशींत त्या मधल्या एका ठिकाणाहून चहूकडे पसरतात. स्नायूत तसं नसतं. तिथं त्या जागोजागच्या बारीक ठिकाणांपासून निघतात, काही उभ्या, काही आडव्या, आणि बाजेच्या विणीसारखी जाळी होते. सुट्टीत तुम्हाला हे समजावत होते, "तुमच्या सेंटरला गावोगावचं दूध येतं ना? इथं सेंटरच नाही, गल्लोगल्ली डेअरी." तुम्ही तंबाखू मळता मळता विचारलंत, "मग मालक कोन?" तेच आम्ही अजून शोधतोय.

ती जाळी तुम्हाला दाखवायची, एवढंच माझ्या मनात होतं. पदवीचं नंतर बघू. तुम्ही आलात, टोपी काढून सूक्ष्मदर्शकावर वाकलात आणि बराच वेळ बघत राहिलात. "धुकं दिसतंय गं," म्हणालात, "थंडीत भीमेवर असतं तसं." खरंच, नळ्या दिसाव्यात म्हणून लावलेल्या चमकत्या रंगाच्या हिरवट धुक्यापलीकडे काहीच नव्हतं. मी ओशाळले. तुम्ही पाठीवर थोपटून म्हणालात, "धुकं काय, उन्हं आली की जातंय." आणि पेढ्यांचा पुडा सरांच्या हातात असा दिलात, जसं काही काम फत्तेच झालंय.

पुढं कितीतरी दिवस धुकंच. आमचे सर प्रथिनांवर काम करणारे, त्यांच्याकडे सगळंच बर्फावर चालायचं, त्यामुळे माझी बर्फाची पेटी कुणाला खटकली नाही. शेवटी केरळहून नवीन आलेल्या मैत्रिणीनं विचारलं, की स्नायू काढल्याकाढल्या बर्फात कशाला? टिकावा म्हणून, मी म्हटलं. कुणी सांगितलं? आबांनी. ती हसत हसत स्टुलावर बसली. म्हणाली, यातल्या बऱ्याचशा नळ्या थंडीत विरघळून जातात, त्यांना ऊब लागते. दुसऱ्या दिवशी मी स्नायू टिकवायचं रसायन कोमट केलं, बर्फाला हात लावला नाही, आणि संध्याकाळी जाळी दिसली. उभे धागे, आडवे धागे, सगळं जागच्या जागी. मी लगेच सेंटरवर फोन लावला.

"म्हंजी माझ्यापायी तुझं काम अडलं व्हय?"

"व्हय, आबा."

तुम्ही इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला. "मग आता उबंत ठिव. थंडीतलं जादा दूध कमी झालं की येतो बघाया."

दूध कमी व्हायच्या आतच तुम्ही गेलात. तुमचा धाकटा सुरतेहून निघाला होता, तोवर थांबायचं होतं. सेंटरवरच्या माणसांनी बर्फाच्या लाद्या आणल्या, वर ओली गोणपाटं घातली, आणि मी शिकलेली म्हणून मलाच विचारलं, "ताई, पुरंल ना बरफ?" पुरेल म्हणाले. तुमच्या माणसांनी तुमच्यासाठी तुमचंच काम किती नीट केलं होतं. मी उशाशी बसले आणि तुमचा उजवा हात बर्फातून बाहेर काढून माझ्या शालीत घेतला. मामी दोनदा म्हणाली, "ठिव गं हात खाली." मी ठेवला नाही. धाकटा येईपर्यंत दोन्ही हातांनी चोळत राहिले.

सगळ्यांना वाटलं, पोरगी दुःखानं हात सोडत नाही. दुःख होतंच. पण आबा, खरं तुम्हालाच सांगते. मला सगळं ठाऊक असूनही वाटत होतं, की तेवढ्या हातातली तरी जाळी शाबूत राहील.