झिजवलेले दात आणि जगाचं वय

ती. वन्सं,

नमस्कार. वाकून केला असं समजा, कंबर अजून वाकू देत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना तो बोलतो असं तुम्ही लिहिलंत. माझे दोन्ही बोलतात, पण आपापसात, त्यामुळे मला फारसं लक्ष द्यावं लागत नाही. बाकी मी ठीक आहे. जेवते, झोपते, औषधं घेते. भेटायला येणारे येऊन गेले. (काळ हेच औषध, असं प्रत्येकाने सांगितलं, किती घ्यायचं ते कोणी सांगितलं नाही.)

तुम्ही विचारलंत, संध्याकाळी घर खायला उठतं का. वन्सं, उठलं असतं, पण त्याला तशी संधीच मिळाली नाही. तुमच्या भावाची बैठक तुम्हाला माहीत आहे. कवळ्यांचं काम आटोपून हात धुतले की हे बाहेरच्या खोलीत येऊन बसायचे, आणि पाठोपाठ घड्याळवाले आणि मास्तर. विषय एकच, वर्षानुवर्षं. ह्यांचं म्हणणं, विश्वाचं वय एक हजार तीनशे ऐंशी कोटी वर्षं, शास्त्रज्ञांनी मोजलंय, त्यात घासाघीस नाही. (गिऱ्हाइकाला कवळी कधी मिळेल ते ह्यांना कधी नक्की सांगता आलं नाही, पण विश्वाच्या बाबतीत फार काटेकोर.) घड्याळवाल्यांचं म्हणणं, हे जग म्हणजे कोणीतरी यंत्रात चालवलेला खेळ आहे, आपण त्यातली चित्रं, आणि जुनेपणा आधीच भरून तो कदाचित कालच सुरू केलाय. मास्तर निवाडा करायचे. त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला, त्यामुळे दोन्ही बाजूंना ‘साधारण बरोबर’ म्हणायची त्यांना सवय आहे.

ह्या बैठकीचा एक नियम होता, तो मात्र तुम्हाला ठाऊक नसेल. गैरहजेरीत कोणी हरायचं नाही. जो आला नसेल त्याची बाजू त्याच्या घरच्या माणसाने येऊन मांडायची. घड्याळवाले तापाने पडले तेव्हा त्यांची सून आली होती. स्वेटर विणता विणता ‘सगळं खोटं आहे हो’ एवढंच म्हणाली आणि गेली. मास्तरांनी तो मुद्दा वजनदार धरला.

ह्यांच्या शेवटच्या संध्याकाळी घड्याळवाल्यांनी एक डाव टाकला. म्हणाले, ‘अरे, तू स्वतः काय करतोस? आज बनवलेला दात चाळीस वर्षांचा दिसावा म्हणून त्याला पिवळटपणा देतोस, कडा झिजवतोस, बारीक चीर पाडतोस. तुला एका दिवसात जमतं, तर जग बनवणाऱ्याला का जमू नये?’ हे हसले. म्हणाले, ‘ह्याला उत्तर आहे. उद्या सांगतो.’ पहाटे हे गेले.

भेटणाऱ्यांची वर्दळ संपल्यावर घड्याळवाले आणि मास्तर परत आले. मग घड्याळवाल्यांनी हळूच विचारलं, ‘वहिनी, त्या रात्री काही बोलला का तो?’ मी म्हटलं, ‘गॅस बंद केलास का, असं विचारलं.’ दोघं गंभीर झाले. वन्सं, त्या गॅसवर एक अख्खी संध्याकाळ गेली. मास्तरांच्या मते त्यात विश्वाच्या आरंभाचा इशारा होता. घड्याळवाल्यांच्या मते शेवटाचा. गॅस बंद केला होता की नाही, हे कोणी विचारलं नाही. (केला होता.)

दुसऱ्या दिवसापासून नियमाप्रमाणे ह्यांच्या खुर्चीवर मी. मला ह्यातलं काय कळतं? भिंतीपलीकडून कानावर पडलेलं तेवढंच. पहिल्याच दिवशी मी विश्वाचं वय एक हजार तीनशे ऐंशी वर्षं सांगितलं. मास्तर कळवळून म्हणाले, ‘वहिनी, कोटी! कोटी राहिलं!’ घड्याळवाले म्हणाले, ‘असू द्या हो मास्तर. तडजोडीला तयार दिसतात.’

नंतर त्यांनी प्रयोग काढला. खेळात म्हणे कोणी बघत नसलं की ती जागा चालूच ठेवत नाहीत, यंत्रावरचा ताण वाचवायला. स्वयंपाकघरात दूध तापत होतं. घड्याळवाले म्हणाले, ‘वहिनी, कोणीही तिकडे बघायचं नाही.’ मी म्हटलं, ‘अहो, दूध आहे ते.’ ‘तेच तर!’ आम्ही तिघं भिंतीकडे तोंड करून बसलो. दूध उतू गेलं. मास्तरांनी आमच्या बाजूला गुण दिला. घड्याळवाले म्हणाले, वासाकडे लक्ष गेलं म्हणून गेलं, नाहीतर गेलं नसतं. ओटा मी पुसला. तो अगदी खरा होता.

मी कंटाळले होते. मन लावून दुःख करावं म्हटलं, तर त्यालाही संध्याकाळ मोकळी मिळत नव्हती. गेल्या आठवड्यात घड्याळवाले चांगल्या मनाने म्हणाले, ‘वहिनी, माझं खरं असेल तर तो गेलेला नाही. नुसता बंद आहे.’ त्यांच्या दुकानात एक खण आहे, बंद पडलेल्या घड्याळांनी भरलेला. गिऱ्हाईक टाकून गेलं ते परत आलंच नाही, अशी. मला तो खण दिसला, आणि मी कधी बोलत नाही तशी बोलले. म्हटलं, ‘हे आपल्या मनाने दात झिजवत नव्हते. समोरच्या जबड्यातले खरे दात उरलेले असायचे, त्यांवर नवे बसवून बघायचे. खरे जिथे जेवढे झिजलेले, तिथे तेवढेच नवे झिजवायचे. खोटं जुनं करायला समोर खरं जुनं लागतं. तुमच्या त्या कोणीतरी जग काल बनवलं, तर त्याने झीज कशावरून घेतली?’

मग घड्याळवाल्यांनी मांडीवर थाप मारली. ‘हेच! हेच सांगणार होता तो!’ डोळे पुसले, हरलो म्हणाले, मास्तरांच्या हातात हात दिला. मास्तरांनी नोकरीत नसेल वापरला असा आवाज काढून निकाल सांगितला: विश्व जुनं आहे, वाद मिटला. दोघं चहा अर्धा टाकून, मोठं काम उरकल्यासारखे गेले.

तेव्हापासून आले नाहीत. येतील कशाला? वाद मिटला. काल मी दुकानावरून गेले, तर घड्याळवाल्यांनी डोळ्यावरचं भिंग न काढताच मान हलवली आणि पुन्हा घड्याळात डोकं घातलं. एकदाची सुटका झाली. घर शांत आहे. तिकडे येऊन राहा असं तुम्ही म्हणालात, त्याचा आता विचार करायला हरकत नाही. ह्यांचं कवळ्या घासायचं यंत्र तेवढं कोणाला तरी द्यायला हवं.

तब्येतीला जपा. जावयांना आणि मुलीला आशीर्वाद.

तुमची
वहिनी

ता. क. तिकडे येण्याबद्दल वर लिहिलंय ते एवढ्यात धरू नका. यंत्राचंही कोणाशी बोलू नका.

आणखी एक. मी सांगितलं ते ह्यांचंच उत्तर होतं का, हे मला माहीत नाही. घड्याळवाल्यांना तसं वाटलं, मी नाही म्हटलं नाही. शिवाय ते उत्तर पुरतं खरंही नाही. ज्यांच्या तोंडात एकही दात उरलेला नसायचा, त्यांच्या कवळ्या हे नुसत्या अंदाजाने झिजवायचे. समोर खरं काहीच नसायचं. तुमच्या दोन्ही कवळ्या तशाच केलेल्या आहेत आणि पहिल्या दिवसापासून तुमच्याच वाटतात. म्हणजे वाद मिटलेला नाही. हे घड्याळवाल्यांच्या लक्षात यायला हवं, पण ते स्वतःहून यायचं नाही. त्यांना हरल्याचं फार समाधान झालंय. मी सांगितलं तर बरं दिसणार नाही. तेव्हा तुम्हीच त्यांना दुकानाच्या पत्त्यावर चार ओळी लिहा. भावाची आठवण आली, सहज कवळी हातात घेतली आणि मनात आलं, असं काहीतरी. माझं नाव काढू नका. शक्यतो लवकर लिहा.

आणि वन्सं, मुद्दा फार पक्का करू नका. हाही वाद एका संध्याकाळीत मिटला, तर लिहायला मला दुसरी नणंद नाही.