सिद्धूची चोखणी

बोरी, तालुका जिंतूर
माघ शुद्ध पंचमी, शके १८६३

प्रिय शांते,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला. का झाला ते सांगायलाच बसले आहे, पण हात लय जड झालाय. तुझा सिद्धू ओसरीवर उन्हात झोपलाय, तोवर होईल तेवढं लिहिते.

सिद्धूची चोखणी सुटली. पुरते आठ दिवस लागले, आणि त्या आठ दिवसांत मी म्हातारी झाले. तुला छातीचा आजार निघाला, डॉक्टरांनी पोराला अंगावर पाजू नको म्हणून सांगितलं, तेव्हा पोराला माझ्यापाशी ठेवून मोगलाईबाहेरच्या, इंग्रजी मुलखातल्या दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तूच ती लाल लाखेची लाकडी चोखणी त्याच्या तोंडात दिली होतीस. सात महिन्यांचा होता. आता अडीच वर्षांचा झाला, तरी ती तोंडातून काढायचा नाही. लाख सगळी उडालेली, लाकूड चावून चावून खडबडीत, ओठांच्या कडेला चिरा पडलेल्या. सासूबाई रोज म्हणायच्या, "उमा, पोराचे दात पुढं येतील, काढ ती."

पहिल्या दिवशी कोरफडीचा चीक लावला. त्यानं तोंड वाकडं केलं, माझ्याच पदराला चोखणी पुसली आणि पुन्हा तोंडात घातली. दुसऱ्या दिवशी कडुनिंबाचा पाला वाटून लावला, तोही गोड मानून घेतला. तिसऱ्या दिवशी मी ती दिसेनाशी केली आणि "कावळ्यानं नेली" म्हणून सांगितलं. मग जे रडणं सुरू झालं, काय सांगू! दूध नको, गूळ नको, हुरडा नको. भाकरी थापतानाही कडेवरून उतरेना. गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा चघळायला लागला, तशा सासूबाई कासावीस झाल्या. हे दुकानातून जेवायला आले तर म्हणाले, "देऊन टाक ती, पोराचा घसा बसला." द्यायला ती होती कुठं? मी ती तिसऱ्या दिवशी सकाळीच चुलीत घातली होती.

सातव्या दिवशी दुपारी मी ज्वारी पाखडत होते. रडून रडून दमलेला, मागून आला, माझ्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाला, "आई." आजवर मावशीच म्हणायचा. आई दवाखान्यात हाय, हे मीच त्याला शिकवलं होतं. पण मी ओ दिली, शांते. खांद्यावर डोकं टाकून तो तिथंच झोपला. हात बधिर झाले तरी मी त्याला खाली ठेवलं न्हाई. लग्नाला चौदा वर्षं झाली, अशी ओ द्यायची माझी पहिलीच वेळ. आनंद व्हायला पाहिजे होता. पण दुसऱ्याच्या घरात चोरून शिरल्यासारखं वाटत होतं.

आता खरं लिहिते. दातांचं निमित्त होतं. तुझा ताप गेला, शिवरात्रीच्या आधी तुला सोडणार, सिद्धू तुला ओळखील का, हे तुझं पत्र मार्गशीर्षातच आलं. मी ते कुणाला दाखवलं न्हाई. "पोर बरं आहे ना, उत्तर का नाही?" म्हणून तू दुसरं लिहिलंस, तेही दडवलं. तुझ्या हातची तेवढी एकच वस्तू त्याच्यापाशी होती. ती गेली की पोर पुरतं माझं होईल, असं मनात आलं. काल मी दोन्ही पत्रं यांना वाचून दाखवली. हे म्हणाले, "पोराला सांग." आज सकाळी सांगितलं, "सिद्धू, तुझी आई येणार." त्यानं विचारलं, "दुसरी आई?" मी म्हटलं, "न्हाई रे राजा, पहिली." तर सोडलं की लगेच निघ. आणि तू स्वतः ये. तुझ्या यजमानांना, रेवणप्पांना एकट्याला धाडू नकोस. दुसऱ्या कुणाच्या हाती मी पोर देईन, याचा मला माझाच भरवसा न्हाई.

तुझीच,
उमाक्का