ओटीतली वाटी

१९ जानेवारी १९५३

जानरावांकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. मनकर्णाबाईंनी ओटी भरली – गहू, बोरं, तिळगूळ, अन् वरून चांदीची वाटी! मी म्हटलं, एवढं कायले? म्हणाल्या, "राहू द्या वो बाई, सवाष्णीच्या ओटीत पडलं ते देवाचं." सगळ्या बायका बघत होत्या. रामधनची गोमतीबाईही.

घरी यांना दाखवली. चेहराच उतरला. "जानराव अन् रामधनचा शेताच्या हद्दीचा, धुऱ्याचा वाद माह्यापुढं हाय. आताच वापस करून ये."

ओटीतलं कुणी वापस करतं का! दोघींच्याही कुंकवाला अपशकुन. नाही गेले. वाटी देवघरात ठेवली. बालाजीच्या नैवेद्याच्या दुधाला होईल.

२ फेब्रुवारी

यांनी पुन्हा विचारलं – "केली वापस?" म्हटलं, पाडवा होऊ द्या.

११ जून

धुऱ्याचा निकाल जानरावांच्या बाजूनं लागला. हे म्हणतात, मोजणीच तशी निघाली. रामधननं वर अर्ज टाकला – रेव्हेन्यू इन्स्पेक्टरनं चांदी खाल्ली!

वाटी घासायला घेतली, हात थांबला.

४ ऑगस्ट

आज चौकशी. साहेबांनी विचारलं, वाटी घरात आहे? हे म्हणाले, "हो." कोणी घेतली? – हे गप्प. शेवटपर्यंत गप्प!

मी म्हटलं, माझं नाव का नाही सांगितलं? ओटी माझी भरली, ठेवून घेतली मी. तुम्ही तर दोनदा बजावलं होतं.

केवढ्यानं ओरडले! "घरच्या बाईचं नाव कचेरीत घेऊ? चपराशी दारात उभा राहून तुह्या नावाचा पुकारा करीन, समजलं?"

२६ सप्टेंबर

बडतर्फ.

१५ नोव्हेंबर

साखर बंद केली, चहा गुळाचा. त्याचं काही नाही. पण आज विहिरीवर बेबीबाई सगळ्यांसमोर – "काहून वो, आता दूध पितळेच्या वाटीत का चांदीच्या?" साऱ्या हसल्या. घागर अर्धीच भरून आले.

यांचा कोट खुंटीला आहे. रोज झटकतात, परत टांगतात.

देवा, त्या संध्याकाळी चार घरं चालून गेले असते तर!

८ मार्च १९५४

नागपूरच्या हायकोर्टात अर्ज करायचा. आईची पुतळ्यांची माळ मोडली. वकील म्हणाले, वहिनींचं प्रतिज्ञापत्र जोडू, वाटी ओटीत आली एवढंच. मी लगेच हो म्हटलं. हे उठून ओसरीवर गेले. तिकडूनच – "तिचं नाव कागदावर नको. जमत असंल तर करा."

१९ ऑगस्ट १९५५

तार आली! बडतर्फीचा हुकूम रद्द! बालाजीला पेढे ठेवले. हे देवासमोर बराच वेळ बसले, मग कोट अंगात घालून पाहिला. ढिला झाला आहे.

संध्याकाळी वकील आले. मी विचारलं, मग कोर्ट म्हणालं ना, यांनी लाच खाल्ली नाही?

"ते कोर्टानं पाह्यलंच नाही, वहिनी. खाल्ली का नाही, ते खात्यानं पाहावं. कोर्ट म्हणते, चौकशी झाली तरी काढण्याआधी 'तुले का काढू नये' असं त्या माणसाले विचाराले पाहिजे होतं. विचारलं नाही, म्हणून हुकूम रद्द."

म्हणजे जिंकलो, पण डाग तिथंच. पेढा गोड लागेना.

२ सप्टेंबर

हे रुजू व्हायला गेले. मी औक्षण केलं. दुपारी परत! जेवले नाहीत. कोट खुंटीला टांगत म्हणाले – चौकशी पुन्हा होणार. साहेब म्हणाले, या खेपेला घरच्या बाईलाही बोलावू.

"मंग?"

"मंग काय. राजीनामा देऊन आलो."

दोन वर्षं लढले ते यासाठी! मी रडले नाही. भांडी घासली.

३ सप्टेंबर

कचेरीचा शिपाई सकाळी दारात सांगून गेला – राजीनामा साहेबांच्या टेबलावरच आहे, वर गेला नाही अजून. हे आंघोळीला बसलेत.

बालाजीचं दूध आज पितळेच्या वाटीत ठेवलं. चांदीची फडक्यात बांधली. कचेरी अकराला उघडते. पुकाऱ्याची वाट बघणार नाही, मीच नाव सांगेन.

यांना विचारलेलं नाही.